रांगेत डबा उभा असतो

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी थोरल्या मुलीने मला मोबाइलवर एक रील दाखवलं. कुठल्यातरी थंड देशातली बाई. अंगावर लोकरीची शाल, खिडकीबाहेर पिवळी-तांबडी पानं, मांडीवर उघडं पुस्तक, शेजारी वाफाळता मग आणि ओव्हनमधून नुकताच काढलेला दालचिनीचा केक. खाली लिहिलं होतं की ती तीन मुलांची आई आहे आणि शरद ऋतूत प्रत्येक आईने स्वतःसाठी असा वेळ काढायलाच हवा.

"मम्मी, किती कोझी ना!"

मी पुन्हा लावायला सांगितलं. तीन मुलं एकदाही दिसली नाहीत. केकचं पीठ ज्या पातेल्यात फेटलं ते पातेलंही दिसलं नाही, ते घासणारे हात तर नाहीच. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. खर्चाची बाजू कोरी सोडून नुसती जमा दाखवली की मला लगेच कळतं.

शिवाय शरद ऋतू. शहाद्यात आश्विनातल्या दुपारी पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि तरी पाठ भिंतीला चिकटते. आमच्याकडे पानं गळतात ती फाल्गुनात, सातपुड्यातल्या सागाची, आणि त्यांच्याकडे बघत कोणी चहा पीत बसत नाही. आश्विनात तोरणमाळच्या बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात, कापूस फुटतो, बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि घरोघरी जाळी काढणं चालू असतं. यात शाल कुठे बसवायची ते त्या बाईने सांगितलं नव्हतं.

पण एक गोष्ट मी मुलीला सांगितली नाही. शरद ऋतूतलं वाचन आणि भाजणं, दोन्ही मी करत होते. बारा वर्षं.

आमच्या गावात दिवाळीची नानकटाई भट्टीवर करतात. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा, सगळं घरून न्यायचं. भट्टीवाले मळून, पत्र्यावर मांडून भाजून देतात, आपण मजुरी द्यायची आणि आपल्याच पत्र्याच्या डब्यात बिस्किटं भरून आणायची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भट्टीवर गर्दी असते. नंबर यायला आणि माल निघायला मिळून चार तास तरी लागतात.

पहिल्या वर्षी मी डबा घेऊन गेले तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकटी पाळण्यात. रांगेत माझ्यापुढे सतरा डबे होते आणि बाई एकही नव्हती. भट्टीवाल्या चाचांनी माझा डबा उचलून अठराव्या जागी ठेवला.

"जा ताई घरी. संध्याकाळी या. डबा उभा आहे रांगेत."

मी उठले. दारापर्यंत गेले. घरी काय काय वाट बघत होतं ते मला पाठ होतं: पाळणा, दळण, सासूबाईंचा काढा, भिजवलेले कपडे, आणि दर रविवारी न सांगता येणारे नवऱ्याचे दोन मित्र. माझ्या पिशवीत बसस्टँडवरच्या दुकानातून घेतलेला एक दिवाळी अंक होता, येता-जाता चाळायला म्हणून घेतलेला. मी परत आले आणि मैद्याच्या पोत्यांशेजारच्या बाकावर बसले. त्या दिवशी, थोरली झाल्यापासून पहिल्यांदा, मी एक लांबलचक कथा मध्ये न उठता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "एवढा वेळ?"

"चार तास लागतात," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. बिस्किटांना चार तासच लागतात. बाईला किती लागतात हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय मला ऑफिसातही नाही.

तेव्हापासून दर वर्षी ती एक दुपार माझी. त्या दुपारसाठी मी वाचनालयातून पुस्तक आधीच आणून ठेवते, जाड चालत नाही, दोनशे-सव्वादोनशे पानांचं. उगाच गोड करून सांगत नाही: भट्टीवर कमालीचं उकडतं. डालड्याचा वास केसांत बसतो तो दोन दिवस जात नाही. पानांवर मैदा उडतो, माश्या असतात आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी पत्रे आपटतं. बाया डबा ठेवायला येतात त्या मला बघून थांबतात.

"काय वं ताई, परीक्षा शे का तुन्ही?"

"नाही."

"मग घर जाय ना. तुन्हा डबा कोन चोरी ऱ्हायना?"

सगळ्या हसतात. मी पान उलटते. दोन-तीन वर्षांनी त्यांना माझी सवय झाली. वेडं ठरवलं की माणसाला फार त्रास देत नाहीत.

नातेवाईक मात्र हळहळायचे. "बिचारी, दर वर्षी भट्टीवर ताटकळते." मी मान हलवायचे. वाचायला बसते म्हणाले असते तर कोणी हळहळलं नसतं, उलट घरातली बाई एवढी रिकामी कशी म्हणून विचारलं असतं. आमच्याकडे बाईला घराबाहेर निवांत बसायचं असेल तर सोबत पीठ लागतं.

तर त्या रीलनंतर आठवडा गेला आणि दारात खोकं आलं. बाप-लेकींनी मिळून सणाच्या सेलमध्ये ओव्हन मागवला होता. मला न सांगता, कारण ते सरप्राइज होतं. सरप्राइज म्हणजे पैसे घरातले, जागा माझ्या ओट्यावरची आणि आनंद होण्याची जबाबदारीही माझी.

"आता तुला भट्टीवर ताटकळायला नको," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला राग आला. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकऱ्याला पिशवी विकताना तो किती एकर, कोणतं पीक ते आधी विचारतो. इथे काहीच विचारलं नव्हतं.

माझी दुपार गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कपाटात वाचनालयाची कादंबरी ठेवलेली होती, दोनशे दहा पानांची, गणपतीपासून न उघडलेली.

मी ओव्हनचा ट्रे बाहेर काढला आणि त्यावर नानकटाईच्या जागी लिंबं मांडून बघितली. बारा बसली. रात्री जेवताना मी हिशेब मांडला. "आपण दोन किलो मैद्याची नानकटाई करतो. तूप-साखर धरून साडेचार किलो माल. वीस ग्रॅमचं एक, म्हणजे सव्वादोनशे नग. बाराचा ट्रे, एकोणीस वेळा लावायचा. एका वेळेला वीस मिनिटं. सहा तास वीस मिनिटं होतात, वीज गेली नाही तर. भट्टीवर चार लागतात. तुम्ही माझे दोन तास वीस मिनिटं वाढवली आहेत."

"मग रोज एक-एक ट्रे कर," नवरा म्हणाला. "हळूहळू. आनंद घेत."

"एकोणीस दिवस? दिवाळी नऊ दिवसांवर आहे."

"मम्मी, तू प्रत्येक गोष्टीचं गणित करतेस," थोरली म्हणाली.

"तुम्ही केलं असतं तर मला करावं लागलं नसतं."

"अगं पण भट्टीवर चार तास उभं राहण्यापेक्षा घरात बरं नाही का?" नवऱ्याने शेवटचा मुद्दा काढला. खरं तर त्याच्याकडे तेवढा एकच होता.

सासूबाई शेजारी सीताफळाच्या बिया ताटलीत काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रांगमा डबा उभा ऱ्हास. बाई कसाले उभी ऱ्हाई?"

धाकटी म्हणाली, "म्हणजे मम्मीला तिथे थांबावंच लागत नाही?"

"नही."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. बारा वर्षांचा हिशेब तो मनात करत होता आणि तो मला चेहऱ्यावर दिसत होता. "मग तू तिथे करतेस काय?"

"वाचते," मी म्हणाले.

"चार तास?"

"मध्ये एकदा चहा पिते."

त्याने आईकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, निदान आई तरी आपल्या बाजूने बोलेल. सासूबाईंनी बोटं चाटली. "मी बी तठे पोताले टेकीसन झोपेल शे. तू धाकला व्हता तव्हय."

म्हणजे सासूबाईंना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या पुढच्या सीताफळाकडे वळल्या होत्या. मी पुस्तक नेते आणि त्यांनी झोप नेली होती, एवढाच फरक.

नवरा जरा दुखावल्यासारखा झाला. "वाचायचं होतं तर घरी वाचायचं. कोणी नाही म्हटलंय का कधी?"

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्यांना खरंच वाटतं की कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणावं लागतच नाही, मीठ कुठे आहे एवढं विचारलं की पुरतं.

"बरं," मी म्हणाले. "रविवारी घरी वाचते."

रविवारी सकाळी अकराला मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. मुलींनी ठरवलं होतं की मी वाचायचं आणि त्या ओव्हनमध्ये केक करणार, अगदी त्या रीलसारखं. मी पहिलं पान उघडलं. बेकिंग पावडर कुठे आहे? पहिलं पान पुन्हा सुरू केलं. चाळणी कुठली, रव्याची की मैद्याची? नवऱ्याने आत येऊन सांगितलं की तो मला अजिबात त्रास देणार नाहीये, फक्त गॅसवाल्याचा नंबर हवा होता. नंतर पुन्हा येऊन, आवाज बारीक करून, चहा टाकू का विचारलं, आणि साखर कुठे आहे तेही. त्याचे दोन मित्र आले. "वहिनी वाचतायत, वाचू द्या," असं म्हणत ते माझ्यासमोरच बसले आणि कापसाच्या भावावर बोलायला लागले. चहा शेवटी मीच टाकला.

बाराच्या सुमारास थोरली आतून शाल घेऊन आली. लग्नातली, डांबरगोळ्यांच्या वासाची.

"हे कशाला?"

"रील करतेय. दोन मिनिटं घे ना अंगावर. आणि पुस्तक जरा वर धर, कव्हर दिसू दे."

"मला अक्षरं दिसली पाहिजेत की लोकांना कव्हर?"

"मम्मी, तू हस ना थोडं. वाचताना माणूस रिलॅक्स दिसतो."

मी घामाने निथळत होते, खांद्यावर शाल होती, मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि मी तिसऱ्या पानावर होते. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. स्वयंपाकघरातून धाकटी ओरडली की केक मध्येच बसला.

मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. आत जाऊन मैदा, तूप आणि साखर मोजून डब्यात भरली, वेलदोड्याची पुडी वर टाकली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"भट्टीवर."

"डबा ठेवून येतेस ना लगेच?"

"नाही," मी म्हणाले. "वाचून येते."

त्याच्या मित्रांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघितलं. बारा वर्षांत हे वाक्य मी घरात एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि ते उच्चारायला इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. नवरा काहीतरी म्हणणार होता, पण आतून सासूबाईंचा आवाज आला, "जाऊ दे रे तिले." मी चपला घातल्या.

भट्टीवर माझ्यापुढे तेवीस डबे होते. बाकावर कोणीतरी साखरेची पिशवी ठेवली होती, ती चाचांनी उचलली. मी तिसऱ्या पानापासून सुरुवात केली. पत्रे आपटत होते, माश्या होत्या, एका बाईने परीक्षेचं विचारलं. मला एवढंच आठवतं की मान वर केली तेव्हा बाहेर अंधार पडायला लागला होता आणि चाचा माझ्यासमोर उभे होते.

"ताई, तुमचा माल निघाला. गार झाला. डबा भरून ठेवलाय."

डबा माझ्या पायाशी होता, झाकण लावलेला. एरवी या वेळी मी उठते. पुस्तक अर्धवट राहिलं तर राहिलं. काम झाल्यावर बसून राहणं म्हणजे नुसतं बसणं, आणि तेवढी हिंमत मी कधी केली नव्हती. मी चाचांना मजुरी दिली आणि विचारलं, "भट्टी किती वाजेपर्यंत चालू आहे?"

"दिवाळीत काय, आमची रात्रभर."

मी पुन्हा पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने फोन वाजला. नवरा.

"झाली का बिस्किटं?"

"झाली."

"मग?"

"वाचतेय."

"अजून किती वेळ?"

मी उरलेली पानं चिमटीत धरून बघितली. "साठ पानं."

पलीकडून "साठ पानं म्हणजे..." एवढंच आलं. साठ पानांचे किती तास होतात हे त्याला काढता येत नसावं. मी वाट बघितली, मग फोन तसाच चालू ठेवून डब्याच्या झाकणावर ठेवला आणि वाचायला लागले.