रानवीजचा मुखवटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगायला लागले की आधी मीच फुटते. आठ दिवसांपूर्वी मात्र ओरडून ओरडून घसा बसला होता माझा!

झालं असं, माहेरच्या पेटीत माझी लहानपणची कॉमिक्स सापडली. त्यात रानवीज! तुम्हाला नाही आठवणार, कोणालाच आठवत नाही. मुखपृष्ठावर कायम तो पिळदार दंडांचा नायक, आणि ही बिचारी शेवटच्या आठ पानांत. पण बाई काय होती! डोक्यामागे दुसरा चेहरा. मागून हल्ला करायची कोणाची हिंमत नाही. म्हटलं, लेकीलाही कळू दे.

आता लेक सहा वर्षांची, घर जंगलाला लागून, आणि वाघ इकडे न कळवता येतो. कोणती शहाणी आई असं पुस्तक देते? मी दिलं. आर्वी रात्रंदिवस रानवीज!

त्यातच वनरक्षकांनी मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना मुखवटे वाटले. डोक्यामागे बांधायचे, म्हणजे वाघाला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. शेजारच्या शेवंताबाईंनी तो मिशीवाला मुखवटा आपल्या ओसरीतल्या खिळ्याला टांगून ठेवला.

"हे थोबाड लावून जाऊ? वाघ तं नाई, माहा नवराच भिऊन पळंल!"

मी काय गप्प बसणार? रानवीजची अख्खी गोष्ट सांगून त्यांना तासभर भाषण दिलं. आर्वी मात्र मुखवट्याकडे टक लावून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खिळा रिकामा. आणि आर्वी अंगणात नाही!

"आर्वीऽऽऽ!"

घरात शिरले, न्हाणी पाहिली, धान्याच्या कोठीत डोकावले. पलंगाखाली पाहिलं का? विचारू नका. हातात लाटणं, अंगात गाऊन, ओढणी वाऱ्यावर, आणि मी जंगलाकडे! मागून पाचसहा बायका डबे बडवत.

"काय झालं व माय?"

"आर्वी गेली! मुखवटा घालून वाघाले भेटायला गेली!"

नाल्यापलीकडे मोहाखाली दिसला तो चेहरा. बुटका, जमिनीलगत, माझ्याकडेच रोखून बघणारा.

"आर्वी, हलू नको! आई आली!"

चेहरा ढिम्म.

"राजा, चॉकलेट देते, ये ना इकडे!"

चेहरा तसाच. मी रडत जाऊन मिठीच मारली. तेव्हा चेहरा गर्रकन वळला आणि दुसऱ्या बाजूनं शेवंताबाई निघाल्या! उकिडव्या बसून फुलं वेचत होत्या.

"काऊन व, माह्या पाठीले चॉकलेट देऊन राह्यली?"

"तुम्ही... मुखवटा... तुम्ही तर लावणार नव्हत्या!"

"तूच तं काल डोस्कं खाल्लं! म्हटलं, रानवीज तं रानवीज. आन् पोरगी कुठी हाये तुही?"

सगळ्या धावतच परत आलो. मी दारातच बसकण मारली. शेवंताबाई आत गेल्या, वाकल्या आणि पलंगाखालून आर्वीला ओढून काढलं. धुळीने माखलेली, हातात कॉमिक, तोंडावर बोट.

किती वेळ कवटाळून बसले, माहीत नाही. मग भडकले. "हाका ऐकू नाई आल्या तुले?"

"आल्या ना. तूच सांगितलं होतं, आई जोरात ओरडली का समजायचं वाघ आला. लपायचं, आवाज नाई करायचा."

अगदी खरं. महिनाभर रोज घोकून घेतलं होतं मी. पोरीनं एक अक्षर चुकवलं नाही.

संध्याकाळी तिनं चित्र काढलं: गाऊन, उडती ओढणी, हातात लाटणं, घराएवढं उघडं तोंड. कोपऱ्यात वाघ शेपूट घालून पळतोय. वर मोठ्या अक्षरात 'रानवीज'.

इतक्या वर्षांनी बिचारीला मुखपृष्ठ मिळालं. शेवंताबाईंनी ते त्याच रिकाम्या खिळ्याला टांगलंय, आणि मोहाला जाताना मला विचारतात, "येतं का व संग? मुखवटा नाई लागत मंग!"