आरोपी क्रमांक चारचा सनदेचा अर्ज

सनदेच्या अर्जात एक प्रश्न असतो. अर्जदारावर एखादा फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? समोर 'होय' आणि 'नाही' छापलेलं असतं, नको तो शब्द खोडायचा. सनद म्हणजे वकिलीचा परवाना. ती नसेल तर कायद्याची पदवी घरात ठेवायची, कोर्टात उभं राहता येत नाही.

मी 'नाही' हा शब्द खोडला.

ज्यांच्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून बसत होते, ते सर माझ्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणार होते. अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. सह्या करता करता ते त्या रकान्यापाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय आहे?"

मी सांगितलं. माझ्यावर मारहाणीची केस होती, पाच वर्षांपासून.

"तुझ्यावर?" ते हसलेच. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "अगं, तालुक्याच्या कोर्टातली बारीक केस. कोण बघायला जातंय? नवीन फॉर्म आण आणि 'होय' खोड."

"सर, सोबत शपथपत्र आहे."

"शपथपत्र मलाही कळतं." थोडा वेळ त्यांनी पेन नुसतंच धरलं. मग सही करून कागद माझ्याकडं सरकवला. "दे पाठवून. पण दोनेक वर्षं गेली असं समज."

लोक नंतर याला प्रामाणिकपणा म्हणाले. तसं काही नव्हतं. खोटं लिहिलं असतं तर ते कायम लक्षात ठेवावं लागलं असतं, आणि त्या केसमधलं काहीही लक्षात ठेवायची माझ्यात ताकद उरली नव्हती. खरं लिहिणं सोपं होतं, इतकंच.

केस अशी होती. अप्पा वाळूजच्या एका कंपनीत कामाला, आम्ही राहायला बजाजनगरला. गावाकडं अप्पांच्या वाट्याची जमीन होती आणि तिला लागून काकांची. काका म्हणजे अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या मधला बांध दर वर्षी थोडा थोडा आमच्याकडं सरकतोय असं अप्पांचं म्हणणं. तो पहिल्यापासून तिथंच आहे असं काकांचं. एका रविवारी अप्पा, आई आणि माझा भाऊ कापूस वेचायला गेले. बांधावर बोलाचाली झाली, मग हातघाई. काकांच्या डोक्याला टाके पडले. संध्याकाळी त्यांनी फिर्याद दिली आणि फिर्यादीत चार नावं सांगितली. चौथं नाव माझं.

त्या रविवारी मी शहरात एका स्पर्धा परीक्षेला बसले होते. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. हॉल तिकीट होतं, त्यावर पर्यवेक्षकाची सही होती. आमच्या वकिलांनी ते बघितलं आणि म्हणाले, "छान. जपून ठेव. बचावाच्या वेळी दाखवू." ती वेळ काही येईना. साक्षीदार हजर नाही, सरकारी वकील रजेवर, साहेबांची बदली, अशा तारखा पडत राहिल्या. मी वर्गात फौजदारी प्रक्रिया शिकत होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टात आरोपींच्या बाकावर जाऊन बसत होते. शिपाई पुकारा करायचा, आम्ही चौघं उभे राहायचो, पुढची तारीख घेऊन एसटीनं परत यायचो. सुरुवातीला मला रडू यायचं. तिसऱ्या वर्षापासून ते यायचं बंद झालं, आणि त्याच्यासोबत आणखीही बरंच काही बंद झालं असावं.

अर्ज पाठवल्यावर चार महिन्यांनी मुंबईला सनद देणाऱ्या वकील परिषदेच्या कमिटीपुढं हजर राहण्याचं पत्र आलं. मी एकटीच गेले. टेबलापलीकडं तीन ज्येष्ठ वकील बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही तिथं होतात का?"

"नाही."

"मग नाव कसं आलं?"

"काकांनी दिलं."

"का दिलं?"

"माहीत नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आवाज चढवला नाही, सुनावलंही नाही. खटल्याचा निकाल लागू द्या, नाहीतर तुमच्यापुरता काही आदेश आणा, मग आपण अर्ज विचारात घेऊ, एवढंच म्हणाल्या. मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यात उभं राहून डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या. भूक लागली होती.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. ते कंपनीतून येऊन खाटेवर बसले होते, पायातले मोजे काढत होते. काकांचा निरोप एका नातेवाइकाकडून आधीच आला होता: बांधाचा हट्ट सोडा, मी कोर्टात तडजोड लिहून देतो. माझा अर्ज अडकल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. गावात अशी गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

अप्पांनी दुसरा मोजा काढला. मग म्हणाले, "तुला शिकवलं मी. कोणी म्हणत व्हतं पोरीला कशाला एवढं, तरी शिकवलं. आता तुझ्यापायी बांध सोडू का? तू सांग."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"नका सोडू," मी म्हणाले.

"मनापासून सांगायलीस?"

"व्हय."

मनापासून म्हणजे काय, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. अप्पांनी तो प्रश्न मला विचारायलाच नको होता, एवढं समजत होतं. पण राग आला नाही. अप्पांनी मान हलवली आणि मोजे घडी करून बुटात ठेवले. रात्रीच्या भाकरी थापताना आई हळूच म्हणाली, "तू एक शबुद बोलली असतीस तर त्यांनी सोडला असता गं." मी तिला पिठाचा डबा दिला. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

पुढची दीड वर्षं मी अदालत रोडवरच्या सरांच्या ऑफिसात काढली. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून सनद घेऊन आल्या. गळ्यात पांढरे बँड, हातावर काळा कोट. मी पांढरा कुर्ता घालायची, बँड नाही. दावे लिहून द्यायची, नकला काढायची, फायली कोर्टाच्या दारापर्यंत न्यायची आणि दारात दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची. एकदा एका मैत्रिणीनं मीच लिहिलेला युक्तिवाद कोर्टात वाचून दाखवला आणि बाहेर येऊन मला मिठी मारली. "साहेब लई खूश झाले," म्हणाली. मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं होतं, पण ते कोणा तिसऱ्याचं असल्यासारखं मला ऐकू आलं.

आणि एके दिवशी काका साक्षीला आले.

आदल्या दोन तारखांना आले नव्हते, म्हणून आम्हाला अपेक्षाच नव्हती. ते थकले होते. पांढरं धोतर, टोपी हातात, कपाळावर जुन्या टाक्यांची रेघ. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी घटना विचारली, त्यांनी सांगितली: रविवार होता, बांधावर होतो, भावानं काठी मारली, पुतण्यानं ढकललं, वहिनीनं शिव्या दिल्या. बराचसा भाग खरा होता. अप्पा खाली बघत ऐकत होते.

"आरोपी कोर्टात हजर आहेत का? ओळखून दाखवा."

काकांनी बोट केलं. "हा माझा भाऊ. हा त्याचा पोरगा. ही वहिनी." मग बोट माझ्यापाशी आलं आणि थांबलं.

"आणि ही?" सरकारी वकिलांनी विचारलं. "आरोपी क्रमांक चार?"

"ही पुतणी हाय."

"घटनेच्या वेळी तिनं काय केलं?"

काकांनी बोट खाली घेतलं. न्यायाधीश मॅडमनी लिहितालिहिता वर बघितलं.

"ही नव्हती," काका म्हणाले.

सरकारी वकिलांनी फिर्याद त्यांच्यापुढं धरली. "यात तुम्ही सांगितलंय की चौघांनी मिळून मारलं. सही तुमचीच आहे ना?"

"व्हय, सही माझीच. पर ही नव्हती तिथं."

मॅडमनी स्वतः विचारलं, "नव्हती तर नाव का दिलंत?"

काकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "ही वकिलीचं शिकत व्हती, साहेब. भावाचा लई जीव हिच्यावर. हिचं नाव घातलं तर त्यो नमतं घेईल, असं वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "त्यो काय नमला नाय."

मॅडमनी टंकलेखकाला ते सांगायला सुरुवात केली. कोर्टाच्या भाषेत ते वाक्य फार साधं झालं: आरोपी क्रमांक चार घटनास्थळी हजर नव्हती, हे खरे आहे. मी ते कीबोर्डवर टाइप होताना ऐकलं. शेजारी अप्पांचा श्वास मोठ्यानं चालला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मीही मान वळवली नाही.

बाहेर आवारात भाऊ काकांच्या अंगावर धावून जायला निघाला, आईनं त्याला धरलं. मी पाणी प्यायला नळाकडं गेले, तर काका तिथंच तोंड धूत होते. समोरासमोर आलो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. सात वर्षं मी मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"जेवलीस का, बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"जेव." टोपी डोक्यावर ठेवून ते फाटकाकडं निघाले. एक पाय थोडा ओढत चालत होते. ते मला माहीत नव्हतं.

निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी लागला. आई आणि मी निर्दोष सुटलो. अप्पा आणि भावाला दोषी ठरवलं, पण शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलं. बांधाचा दावा दिवाणी कोर्टात वेगळा चालू आहे, तो आजही चालू आहे. निकालाची नक्कल मी कमिटीला पाठवली आणि थोड्याच आठवड्यांत मंजुरीचं पत्र आलं.

सनद घ्यायच्या दिवशी अप्पांनी सुट्टी टाकली. इस्त्री केलेला सदरा घातला, नोंदणीच्या रांगेत माझ्याबरोबर शेवटपर्यंत उभे राहिले आणि मग हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा ते लगेच उठले, जणू अजून तालुक्याच्या कोर्टातच आहोत, आणि मग चपापून खाली बसले. मी पुढं जाऊन ती जाड कागदाची सनद घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आनंद होईल म्हणून मी थोडी वाट बघितली. परतीच्या प्रवासात अप्पा सनद मांडीवर घेऊन बसले होते. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "मी बांध सोडायला पायजे व्हता का गं?"

"आता कशाला ते, अप्पा."

"न्हाई, तरी सांग."

खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते. मी खूप विचार केला. मग खरं ते सांगितलं. "व्हय. सोडायला पाहिजे होता."

 सनद घरी येईपर्यंत त्यांनी माझ्या हातात दिली नाही.

पुढच्या सोमवारी सरांनी मला एका साध्या प्रकरणात मुदतीचा अर्ज द्यायला उभं केलं. कोट नवा होता, बाह्या लांब होत्या. साहेबांनी विचारलं, अर्जदारातर्फे कोण? मी नाव सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. बेंच क्लार्क खालून म्हणाला, "मॅडम, मोठ्यानं." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.