भूतबंगल्यातली आमची ढोली

आमचं घर पाहून माणूस भिऊ शकतो, हे मला म्हातारपणी कळलं.

कुडवा गावाच्या पुढे झुल्यांचा एक पार्क झाला आहे. त्याच्या मालकाला तिथे भूतबंगला बांधायचा होता. आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजाराला आला, गाडी वळवायला आमच्या गल्लीत घुसला आणि घर पाहून खाली उतरला. छपराचे खचलेले कवेलू, मातीच्या भिंती, आत दिवसाही अंधार.

"बाबाजी, क्या घर है. देखके ही डर लगता है."

"मले तं झोप लागते," मी म्हणालो.

त्याच्या माणसाने टेप लावून सगळं मोजलं. दार एवढं ठेंगणं कशाला, म्हणून विचारलं. मी म्हणालो, माणसानं वाकून यावं म्हणून. तेही त्याने लिहून घेतलं. मग तो ढोलीपाशी अडकला. ढोली म्हणजे धान ठेवायचा बांबूचा उंच कोठा, शेणामातीनं लिंपलेला. धान भरून झालं की घरच्या बाईनं तांदळाच्या पिठाच्या पाण्यात पंजा बुडवायचा आणि ढोलीवर उमटवायचा, ही आमच्याकडची रीत. आमच्या ढोलीवरचा शेवटचा पंजा माझ्या बायकोचा. ती माघात गेली. तिची करंगळी विळ्यानं वाकडी झाली होती, तशीच वाकडी उमटली होती.

"यही तो चाहिए," मालक म्हणाला. त्या माणसाने पंजावर पातळ कागद लावला आणि पेन्सिलीनं गिरवून नेला. आपण कोणाला भूत करतो आहोत, हे त्याला काय ठाऊक.

पावसाळ्यात वाळवीनं ढोलीचं बूड खाल्लं आणि ढोली बसली. पंजा मातीत गेला. सुनेनं ढेकळं टोपल्यात जमवून ठेवली, पण ढेकळात हात कुठं दिसतो. घरातल्या फोटोत बायकोचं तोंड आहे, साडी आहे, हात पदराखाली आहेत. मला तो हात पाहायचा होता. आता तो एकाच जागी उरला होता.

"मामाजी, लोक काय म्हनतीन? या वयात भूतबंगला?" सून म्हणाली.

"भूत व्हायच्या आधी पाहून घेतो."

तिने स्कूटीवर नेलं. घर प्लायवूडचं, पण आमचंच. मी सवयीनं वाकून शिरलो, बाकीचे कपाळं आपटून बोंबलत होते. चुलीत लाल बल्ब. एक बाजही होती, तीवर जाऊन बसलो. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली एक बाई किंचाळत ढोलीतून उठली.

"बाई, धानाच्या ढोलीत पाय ठेवू नये," मी म्हणालो.

ती किंचाळता किंचाळता थांबली. "मले इथंच बसाले सांगतलं, बाबाजी."

"कुठली तू?"

"सालेकशाकडची."

"तुमच्या घरी ढोली नाही काय?"

"हाये नं. म्हणून तं लाज वाटते."

पंजा ढोलीवर होता, पण लाल. खाली रंगाचे ओघळ सोडलेले. करंगळी मात्र वाकडी. मी त्यावर माझा हात ठेवला आणि उभा राहिलो. मागून आलेल्या लोकांना वाटलं, हेच खरं भूत. एकजण चपला टाकून पळाला.

मालक धावत आला. मी म्हणालो, हा पंजा पांढरा कर.

"बाबाजी, सफेद से कौन डरेगा?"

"माही बायको कोनाले भेववत नव्हती. मीच तिले भेत होतो."

तो हसला नाही. त्याचं ध्यान बाहेर होतं. पळालेला माणूस सांगत सुटला होता आणि रांग वाढत होती. मग म्हणाला, "आप यहाँ बैठोगे?"

आता बाजाराचा दिवस सोडून मी तिथे बसतो, बाजेवर, आपला चहा पीत. एवढ्यानंच लोक ओरडतात. मला तोंडाला काही लावावं लागत नाही. बदल्यात पंजा माझ्या ताब्यात. तांदळाचं पीठ मी घरून नेतो. ते प्लायवूडवर टिकत नाही, वाळलं की पापुद्रे पडतात. म्हणून दार उघडायच्या आधी रोज नव्यानं भरावं लागतं. भूतबाई मोबाइलचा उजेड धरते. चार बोटं लवकर होतात. करंगळीपाशी मी हात हळू करतो, आणि बाहेर लोक दारावर थापा मारून राहतात, कवा सोडता म्हणून.