आधी एक फेरी

गादीवाल्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवा होतो. त्यानेच मला आडवं केलं होतं. मी त्याच्या दुकानात उशीचा अभ्रा घ्यायला शिरलो होतो. काउंटरपर्यंत पोचायच्या आत हा गृहस्थ दोन पलंगांच्या मधून उगवला, माझ्या खांद्यावर अंगठा रोवला, डोळे मिटले आणि जगबुडीची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "डाव्या कुशीवर झोपता. कित्येक वर्षं. घरात कुणीच बोललं नाही?"

घरात कुणी बोललं नव्हतं. मग त्याने मला एका गादीवर लोटलं, तिच्यावरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्या दुकानात माझं तारुण्य सरलं, बाहेर दोन-चार सरकारं बदलली असावीत. शेवटी माझ्या पायाशी उभं राहून त्याने माझ्या मणक्यावर जे भाषण केलं, तितकं गंभीर भाषण मी वारल्यावर कुणी केलं तरी मी समाधानाने जाईन. बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे एक गादी, दोन उशा आणि एक मित्र होता. अभ्रा राहूनच गेला. गादीला वर्षभरात खड्डा पडला. उशा अजून चांगल्या आहेत.

राहता राहिला मित्र. याला जगातली कुठलीही वस्तू अंगठ्याने दाबल्याशिवाय कळत नाही. फळं, सोफे, नव्या जावयाचा दंड, सगळं तो दाबतो आणि मत देतो. मत मागितलेलं नसतं, पण तशी अडचण त्याला कधी जाणवलेली नाही. धंद्यात याच अंगठ्यावर त्याचं पोट चालतं, त्यामुळे तो अंगठा म्हणजे साधारण विद्यापीठच आहे, अशी त्याची समजूत झाली आहे.

आमच्या शहरात शनिवार उजाडला की लोकांना परक्या संस्कृतींचा उमाळा येतो. आठवडाभर ज्या शेजाऱ्याच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल सोसायटीत तक्रार केली, त्याच वासापुढे मैदानावरच्या खाद्यबाजारात जाऊन रांगेत उभं राहायचं. तिथे सगळे देश एकाच मापाच्या पांढऱ्या तंबूत मावतात. पुढे रंगीत कपड्यातली हसरी मुलगी, मागे कांदा चिरत बसलेला तिचा वैतागलेला मामा. मंचावर कुणीतरी "आपण सारे एक" असं ओरडत असतो आणि फाटकाशी गाडी लावण्यावरून हातघाई सुरू असते. मग ढोल वाजतात आणि कुठल्याशा डोंगराळ मुलखाचं नृत्य म्हणून हिशेबनीसांची एक पोटं सुटलेली तुकडी उड्या मारते. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो, न वाजवून जायचं कुठे?

या मोहिमांचा सेनापती गादीवाला. सैन्य म्हणजे मी, माझी बायको आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचं सगळं लक्ष माणसं काय खातात याऐवजी कशाने चावतात याकडे. आणि वहिनी, म्हणजे गादीवाल्याची बायको. वहिनी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतात. दिवसभर गोळ्या द्यायच्या आणि "पुढचे कोण?" म्हणायचं. शनिवारी त्यांच्या खांद्याला एक भलीमोठी पिशवी असे. तिच्यात चमचे, ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, हात पुसायचे कपडे, गवतावर अंथरायची चादर आणि डॉक्टरांची आम्लपित्ताची गोळी. सेनापतीच्या हातात काही नसे. अंगठा मोकळा हवा ना.

सैन्याला नियम एकच: आधी एक फेरी.

"पहिली दिसली ती गादी घेणारा माणूस आयुष्यभर रडतो," गादीवाला सांगे. "सगळं बघायचं. मग ठरवायचं. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही."

हात फक्त तो लावी. प्रत्येक तंबूपुढे थांबून ताटलीतली भाकरी, पाव, वाफाळलेला गोळा, जे असेल ते अंगठ्याने दाबायचा. दुकानदार अंगावर आला की, "घेणार आहोत हो, फेरी होऊ दे," म्हणून पुढे. फेरी पूर्ण होईपर्यंत चांगलं ते संपलेलं असे. मग जिथे रांग नाही तिथे आम्ही जेवायचो. अशा रीतीने जगातल्या बहुतेक देशांचं उरलेलं आम्ही खाल्लं आहे. त्यावर गादीवाल्याचा निकाल ठरलेला. "वरून घट्ट, आतून बसलेलं." कधीकधी, "आत पोकळ."

तुम्ही विचाराल, मग जात कशाला होतात? मलाही तेव्हा वाटायचं की आम्ही गादीवाल्याच्या गप्पांसाठी जातो.

एका संध्याकाळी दोघं आमच्याकडे चहाला आले होते. वहिनी कधी मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"भाऊजी, पुढच्या शनिवारी मैदानावर मी तंबू घेतलाय."

"कसला?" मी विचारलं.

"भरलेल्या पावांचा. आई करायची तसे. लोकांना आवडले तर तिथे दर शनिवारी कायमची जागा देणार आहेत. मला ती हवीय."

माझ्या बायकोने बशी खाली ठेवली. "अगं, इतकी वर्षं झाली ओळखीला, तुला पाव येतात हे आम्हाला माहीतच नाही!"

"लग्न झालं तेव्हा केले होते एकदा," वहिनी म्हणाल्या. "यांनी दाबून बघितला. म्हणाले, आत पोकळ."

सगळ्यांनी गादीवाल्याकडे बघितलं. तो बिस्किट दाबत होता.

"होता पोकळ," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलायचं?"

"अहो, माझं एकच मागणं आहे. शनिवारी फेरी नको. उघडल्या उघडल्या आधी माझ्याकडे यायचं. गरम असताना खायचा, पहिला पाव. मग फिरा जगभर."

"एवढंच ना? आलो समज."

"वचन द्या."

"अगं, दिलं!"

शनिवारी आम्ही फाटकातून आत शिरलो. वहिनींचा तंबू उजव्या हाताला पहिलाच. त्यांनी भट्टीतून ताजा ट्रे काढला होता आणि त्या आमच्याकडेच बघत होत्या. गादीवाल्याने हात उंचावला, तोंडभर हसला आणि डावीकडे वळला.

"अरे, वहिनी तिकडे!" मी म्हणालो.

"माहीत आहे. आधी एक फेरी."

"वचन दिलंयस ना?"

तो थांबला. मला बाजूला घेऊन, लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "नीट ऐक. आत्ता खाऊन मी चांगलं म्हटलं, तर ते काय झालं? नवऱ्याचं मत. त्याला कुत्रं विचारत नाही. सगळं मैदान बघून मग म्हटलं, तर ते जाणकाराचं मत. तिला कायमची जागा हवीय ना? मग तिला जाणकार हवा की नवरा?"

असा मूर्खपणा मन लावून करावा लागतो, सहज जमत नाही. पण त्या माणसाचा चेहरा खरोखर प्रेमाने फुलला होता. त्या दिवशी तो प्रत्येक तंबूत दुप्पट वेळ दाबत होता. बायकोच्या पावाला टक्कर देणारं काही सुटून राहू नये म्हणून!

बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून मी सटकलो आणि वहिनींकडे एक पाव खाल्ला. मग दुसरी नाडी सोडली. काय सांगू! वरचं कवच दातांखाली करकरलं, आतून वाफ आली, आणि मला माझी आई आठवली, जिला स्वयंपाक अजिबात येत नव्हता. माझी बायको तिथे आधीच उभी होती. डॉक्टरही होते. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीकडे बघत खात होते. रांग फाटकाबाहेर गेली होती.

"हे कुठे पोचले?" वहिनींनी मला विचारलं.

"ढोलवाल्यांपाशी."

त्यांनी एक पाव उचलला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मागे ठेवला आणि रांगेकडे वळल्या. "पुढचे कोण?"

गादीवाला आला तेव्हा ट्रे रिकामे होते. रांगेतले मागचे लोक काही उरलंय का म्हणून माना उंच करत होते. वहिनींनी फडकं उलगडलं आणि तो एकुलता पाव त्याच्या तळहातावर ठेवला. खा बाबा, मी मनात म्हटलं, नुसता तोंडात घाल.

त्याला खायचाच होता, हे मी शपथेवर सांगतो. तोंड उघडलंही होतं. पण अंगठा त्याचं ऐकत नाही. तो पावावर गेला आणि दाबला गेला. गरम असता तर पाव पुन्हा वर आला असता. गार पाव तसाच राहिला, मधोमध खळगा घेऊन.

"थोडा बसलाय," गादीवाला म्हणाला.

वहिनी त्या खळग्याकडे बघत होत्या.

"गरम होता तेव्हा नव्हता बसला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो त्याच्या तळहातावरून उचलला आणि कागदात ठेवला. "पुढचे कोण?"

"खळगा असला तरी मला चालेल हो," मागचा एक म्हातारा घाईघाईने म्हणाला.

"अगं, मी खाणार होतो! चांगलाच म्हणणार होतो!"

"अहो, मागे माणसं उभी आहेत. जरा बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. म्हाताऱ्याने तिथेच उभ्याउभ्या पाव संपवला आणि कागद झटकून त्यातले कणही खाल्ले. गादीवाला ते बघत होता. इतकं लक्ष देऊन त्याने उभ्या आयुष्यात काही बघितलं नसेल.

वहिनींना कायमची जागा मिळाली. त्यानंतरच्या शनिवारी सेनापतीने नेहमीसारखं आम्हाला फाटकाशी जमवलं. ऊन होतं. डॉक्टरांनी पाणी मागितलं, पाणी नव्हतं. माझी बायको म्हणाली बसू या, चादर नव्हती. एका तंबूतला रस्सा माझ्या हातावर सांडला तर पुसायला काही नव्हतं. आम्ही इतकी वर्षं एका पिशवीच्या मागे फिरत होतो, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली. पिशवी वहिनींच्या तंबूत खुंटीला लटकत होती. फेरी अर्ध्यात सोडून आम्ही एकेक करून तिच्या दिशेने गेलो आणि तिथल्या बाकावर बसलो, ते अजून तिथेच बसतो. फेरी कुणी काढत नाही.

वहिनी घरी पाव करत नाहीत, आणि बाजार उठेपर्यंत तंबूत एकही उरत नाही.

गादीवाला आता शनिवारी दुकानात असतो. शनिवारी गाद्या बऱ्यापैकी खपतात.