शेजारचा संचा

आप्पा खुर्चीत बसले की पहिला हात आवाजाला घालायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिंडोलीत, लूम कामगारांच्या वस्तीत, माझी दोन कॉम्प्युटरची गेमची खोली होती. शर्यतीचा गेम सुरू करण्याआधी आप्पा सेटिंगमध्ये जाऊन गाणं शून्यावर आणायचे, प्रेक्षकांचा आरडाओरडा शून्यावर आणि आपलं इंजिन फुल. "गाणं लग्नात वाजवा भो, इथं इंजिनाला बोलू द्या," म्हणायचे आणि काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावर गिअर बदलायचे. कापड विणायच्या लूमवर अर्धं आयुष्य गेलेला हा खानदेशी माणूस स्वतःवर इतका खूश असायचा, की बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

एकच खोड होती, ती लूमवरची. लूमला ते संचा म्हणायचे. खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, शेजारच्या कारागिराचा संचा मध्येच बंद पडला, की हातातलं सोडून आधी बघायला जायचं. माणसाला लागलं असेल, चक्कर आली असेल. गेममध्येही दुसऱ्याचं इंजिन बंद पडलं, की यांचा ब्रेक लागलाच! मी कपाळाला हात लावायचो.

मग पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमधला किशोर आला. लूमवाले बहिरे, त्यांना काय गाडी कळणार, असं चारचौघांत बोलला. आप्पांना ते झोंबलं. तुझ्याशी हरलो तर या खुर्चीत पुन्हा बसणार नाही, असं म्हणून मोकळे झाले. आठवड्यातली तेवढीच त्यांची मौज, त्यामुळे जीव माझाच वर-खाली. दुसऱ्या गाडीचा आवाजही शून्यावर ठेवा, म्हणजे थांबायला नको, असं मी समजावलं. सरावात त्यांनी ऐकलं, आणि मग ते कोणालाच आवरेनात.

शर्यतीच्या दिवशी बघतो तर तो आवाज यांनी स्वतःच वाढवलेला. शेवटच्या फेरीत आप्पा पुढे होते. किशोरची गाडी भिंतीवर आदळली, इंजिन गप्प झालं, आणि आप्पांनी ब्रेक दाबला. किशोर सावरला आणि सुसाट पुढे निघून गेला. मी असा भडकलो, की आवाज का वाढवला म्हणून सगळ्यांदेखत विचारलं.

"त्याचा आवाजच बंद केला, तर मी शर्यत कोणाशी लावली, भो?"

शब्दाला जागून आप्पा पुन्हा खुर्चीत बसले नाहीत. सुटीला येत मात्र राहिले, मागे उभे राहायचे. पुढच्या आठवड्यात किशोर आला तो ओशाळलेलाच. बोललो ते विसरा, बसा ना आप्पा, म्हणून खुर्ची पुढे करायला लागला. आप्पांनी खांद्याला धरून त्यालाच बसवलं.

"तू चालव. बंद पडलास तर मी मागे उभा आहे."