कोपऱ्यातला आंबा

पंपातून पाणी आलं की काका ते आधी उजव्या तळहातावर घ्यायचे, डोळे मिटून जिभेच्या टोकाला लावायचे. मी बाटली हातात धरून शेजारी उभी असायची. मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे, "गोडा आसा."

पाणी गोड नसायचं. मी बाटलीत मीटर बुडवायची, क्षाराचा आकडा वर चढत जायचा. ते तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. "मॅडम, तुमचा मशीन बिघाडला," एवढंच म्हणायचे आणि टॉवेलला हात पुसत चहा ठेवायला निघून जायचे.

मी मस्कतमधल्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माबेला भागातल्या घरून सकाळी निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याने बागाबागांतून विहिरींचे नमुने घ्यायचे आणि दुपारी परतायचं, असं माझं काम. त्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल तर डाव्या-उजव्या हाताला खजुरीच्या वाळलेल्या बागा पाहिल्या असतील. मुंडकी गेलेले खांबच नुसते. जमिनीखालचं गोडं पाणी सगळ्यांनी मिळून इतकं उपसलं, की रिकाम्या झालेल्या जागेत समुद्र खालून शिरत आला. खाबुरा गावातली काकांची बाग त्याच पट्ट्यात होती.

बाग काकांची, असं मी सवयीने म्हणते. ती होती एका ओमानी अर्बाबाची, म्हणजे मालकाची. पण अर्बाबाने त्यांना पहिल्यांदा तिथे आणून सोडलं तेव्हा तिथे बाग नव्हतीच. दगडगोटे आणि बाभळीसारखी काटेरी झुडपं. काका तेव्हा पंचविशीतले, कुडाळकडच्या एका खेड्यातून आलेले. राहायला पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात ती इतकी तापायची, की ते अंथरूण ओलं करून झुडपाखाली झोपायचे. पहिलं अख्खं वर्ष त्यांनी फक्त दगड वेचले. त्या दगडांचा बांध पुढे बागेच्या चारी बाजूंनी उभा होता, कमरेएवढा. मला ते तो अभिमानाने दाखवायचे. "ह्यो आमचो किल्लो."

मग विहीर, मग खजूर, मग लिंबं. शेवटी आंबे, केळी, गुरांसाठी गवत. तीस वर्षांत दगडांची हिरवी जमीन झाली.

म्हातारा अर्बाब आणि काका यांची भाषा ऐकण्यासारखी होती. काकांच्या अरबीला मालवणी हेल होता, त्यामुळे ते अरबीत भांडत असले तरी तिठ्यावर उभे राहून माशांसाठी घासाघीस करताहेत असं वाटायचं. आणि अर्बाब त्यांच्याकडून एकच शब्द शिकला होता, पण मनापासून. बकरी गवतात शिरली की तो पांढऱ्या दाढीचा माणूस काठी उगारून ओरडायचा, "मेल्या!" बकरी पळायची. काका तोंडात टॉवेल कोंबून हसायचे.

एक शब्द मात्र काकांनी बागेत चालू दिला नाही. इकडे येताजाता सगळे 'खलास' म्हणतात. काम झालं, खलास. डिझेल संपलं, खलास. माणूस गेला, खलास. काका लगेच अडवायचे. "खलास म्हणू नकात. थांबला म्हणा."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा लिंबं थांबली होती. समुद्राच्या बाजूच्या चार रांगा आधी पिवळ्या पडल्या, मग पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, मग नुसत्या काड्या. पुढच्या वर्षी केळी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी आंबे. काका दरवर्षी बागेच्या आतल्या अंगाला थोडे थोडे सरकत होते.

कुडाळला त्यांची मुलगी होती, लग्न झालेली. दर शुक्रवारी ते तिला व्हिडिओ कॉल करायचे. एकदा मी तिथेच होते. फोन धरून ते उभे राहिले ते बरोबर एका जागी, मागे सहा हिरव्या खजुरी दिसतील असे. मुलगी म्हणाली, "बाबा, लिंबांकडे दाखवा ना." ते म्हणाले, "तिकडे रेंज नाय गो."

मला हसू आलं. नंतर गाडीत बसल्यावर ते गेलं.

त्या मरत चाललेल्या बागेत एकच गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. अगदी कोपऱ्यात, बांधाला लागून, एक आंबा होता. मोठा, रायवळ. आजूबाजूचे सगळे आंबे वाळले, हा मात्र काळाभोर हिरवा. मी तिथली माती तपासली. खारट नव्हती. असं होऊ शकत नाही, म्हणून मी पुन्हा तपासली. तेवढ्यात काका खोलीतून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन येताना दिसले. मला पाहून थबकले, पण मग आलेच. कॅन मुळाशी रिता केला.

"काका, हे तर प्यायचं पाणी."

"तो पिता म्हणान घालतंय."

"या एकाच झाडाला का?"

"म्हाताऱ्या अर्बाबाची आवड," ते म्हणाले आणि रिकामा कॅन घेऊन वळले.

पुढे म्हातारा अर्बाब वारला. बाग मुलाकडे आली. मुलगा मस्कतला नोकरीत, वागायला अतिशय सभ्य. त्याने मला फोन करून स्वच्छ हिंदीत सांगितलं, "मॅडम, या वर्षीचा रिपोर्ट आला की मी ठरवतो. पाणी असेल तर बाग चालवू. नसेल तर जमीन गोदामांना देईन. आंधळेपणाने काही करायचं नाही मला."

मी गेले तर काकांना ते आधीच कळलेलं. त्या दिवशी त्यांनी तळहातावर पाणी घेतलं नाही. मला खुर्ची दिली, स्वतः बांधावर बसले.

"एक आकडो कमी लिवा, मॅडम."

"काका, एक आकडा कमी करून पाणी गोड होत नाही."

"माका ठावक आसा. मी पाण्यासाठी सांगणय नाय."

"मग कशासाठी?"

ते बांधावरचा एक निखळलेला दगड नीट बसवू लागले. मी म्हणाले, मी खोटं लिहू शकत नाही, त्यावर माझी सही असते. हे मी बरंच लांबवून, समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आसा. मगे दोन म्हयने थांबा. चेडू येता हा बाग बघूक."

तेवढं मी केलं. नमुन्याची तारीख पुढे ढकलली.

मुलीला विमानतळावरून मीच आणलं. तिशीतली, बोलकी, रस्ताभर 'आमची बाग' चाललेलं. ती जन्मलीच खाबुऱ्यात. तिची आई तेव्हा अर्बाबाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करायला म्हणून आली होती, आणि नऊ वर्षं राहिली. मुलगी शाळेच्या वयाची झाली, जवळपास आपली शाळा नाही, म्हणून आई तिला घेऊन गावी गेली. काका मागे राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. "मला राग होता बाबांचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमच्यापेक्षा त्यांना ही जमीन प्यारी."

काकांनी काय काय केलं होतं! वाळलेली लिंबं उपटून जागा झाडून काढली होती. फाटकापासून खोलीपर्यंत कुंड्या मांडल्या होत्या. त्यांतलं सदाफुलीचं एक रोप तर अजून नर्सरीच्या पिशवीतच होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट. मुलगी गाडीतून उतरली, तिने एकदा सगळीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. वडिलांच्या पाया पडली आणि सरळ कोपऱ्यात गेली. आंब्याच्या बुंध्याला हात लावून म्हणाली, "दादा, मी आलंय."



काका चहा करायला आत गेले तेव्हा तिने मला सांगितलं. तिच्या आधी एक मुलगा झाला होता. आठ दिवस जगला. इतक्या लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत. अर्बाबाने कोपऱ्यातली जागा दाखवली, अर्बाबाच्या बायकोने स्वतः त्याला न्हाऊ घातलं. गावाहून आणलेल्या आंब्याची कोय आईने तिथे लावली. शाळेसाठी मुलीला घेऊन जायची वेळ आली तेव्हा आई जाईना. शेवटी निघताना तिने काकांकडून वचन घेतलं. तेका एकट्याक टाकू नकात.

"म्हणून बाबा राहिले," मुलगी म्हणाली. "आईने तिच्याजवळ एक ठेवलं, बाबांनी त्यांच्याजवळ एक. मला आईने हे सांगितलं ते चार वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारात. फोनवर बाबांना रोज एकच विचारायची, पाणी घालतास मां?"

आणि आई गेली तेव्हा काका पोचले चौथ्या दिवशी. तेरावं झालं आणि परत आले. गाव त्याबद्दल बरंच काही बोललं म्हणे.

मुलगी पंधरा दिवस राहिली. निघताना म्हणाली, "बाबा, आता घरी चला." काका म्हणाले, "बघूया."

ती गेल्यावर मी नमुने घेतले आणि रिपोर्ट लिहिला. जसा होता तसा. सही केली.

महिन्याभराने तरुण अर्बाब बागेत आला. त्याने मलाही बोलावलं होतं, आकडे समजावून सांगायला. सोबत त्याची आई होती, म्हाताऱ्या अर्बाबाची बायको. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आंब्याच्या सावलीत बसवलं होतं. मुलगा हाताने गोदामं कुठून कुठे येतील ते दाखवत होता. त्याचा हात कोपऱ्याकडे आला तसं तिने अरबीत काहीतरी म्हटलं, अगदी हळू. मुलाचा हात खाली आला. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली, एवढं होतं, असं. मग माझ्याकडे बघून डोळे पुसले.

तरुण अर्बाब काकांपुढे येऊन उभा राहिला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. या झाडाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे."

काकांनी मान हलवली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर, फांद्यांकडे बघत राहिले. झाड तोडायला कुऱ्हाडच लागते असं नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्याला सांगून उपयोग नव्हता. चांगला माणूस होता तो.

बाग बंद झाली तेव्हा काकांना विमानतळावर मी सोडलं. एक बॅग, एक खजुरांचा डबा. आत जाता जाता मागे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मॅडम न म्हणता म्हणाले, "बाय, तुमी ह्या बाजूक येतास मां? तेका बघून येवा."

मी हो म्हटलं.

कुडाळहून त्यांचे फोन यायचे. परसात नारळ, फणस, विहीर काठोकाठ भरलेली, वरून धो धो पाऊस. मला वाटलं, सुखात असतील. ते म्हणाले, "हय झाडांक पाणी देवचा लागणा नाय. मगे मी करू काय?" मुलगी सांगायची, पहाटे उठतात, सवयीने खांद्यावर टॉवेल टाकतात, अंगणात जातात, आणि उभे राहतात.

पुढच्या जूनमध्ये मी खाबुऱ्याला गेले. पंप काढून नेला होता. खोली पाडली होती. बांधातले दगड ट्रकमध्ये भरत होते. आंब्याभोवती मात्र नवी सिमेंटची भिंत होती, नीट गिलावा करून पांढरी रंगवलेली. अर्बाबाने शब्द पाळला होता. सुरुवातीला टँकरही पाठवत होता म्हणे, मग टँकरवाल्याचं येणं बंद पडलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. झाड उभं होतं. एक पान नव्हतं.

त्याच आठवड्यात फोन आला.

"आंबो कसो आसा?"

खिडकीखाली गाड्या जात होत्या. मी म्हणाले, "हिरवा आहे, काका. नवी पालवी आलीय."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बरा झाला."

ते ऑगस्टमध्ये गेले. दोन दिवस ताप, एवढंच निमित्त. मुलीने कळवलं तेव्हा ती शांत होती. म्हणाली, शेवटचे दीड-दोन महिने बाबा फार समाधानात होते. जेवायचे, शेजाऱ्यांत जाऊन बसायचे. आंब्याला पालवी आलीय हे सगळ्यांना सांगायचे. कोणी शंका काढली की म्हणायचे, ती बाई खोटा बोलूची नाय. माका हवो होतो तेव्हा एक आकडो कमी लिवन दिल्यान नाय.

मग तिने विचारलं, झाडाचा एक फोटो पाठवाल का? बाबांच्या फोटोशेजारी लावायचाय.

माझ्या फोनमध्ये त्या झाडाचे दोन फोटो आहेत. एक जुना, माती तपासली त्या दिवशी काढलेला. दुसरा जूनमधला. गेला महिनाभर मी ते काढून बघते आहे. अजून एकही पाठवलेला नाही.