शेजाऱ्याची साक्ष

माझी मराठी ही प्रार्थनेतली मराठी आहे. आमच्या घरी, नवापूरच्या पलीकडे डोंगरात, वेगळीच बोली. शाळेत थोडी मराठी कानावर पडली, पण सातवीत शाळा सुटली आणि पुढे अठराव्या वर्षी मी ऊसतोडीच्या टोळीबरोबर नेवाशाच्या बाजूला आलो. हंगाम संपल्यावर टोळी परत गेली. मी मात्र मोटार वायंडिंगच्या एका दुकानात राहिलो. जळालेल्या मोटारींतली काळी तार उपसायची, नवी भरायची. त्याला आता बावीस वर्षं झाली. वाचायला मिळालं ते फक्त शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांची पुस्तकं. त्यामुळे काही शब्द माझ्या तोंडात असे बसलेत की ते इथल्या माणसांच्या कानात भलतेच शिरतात.

दुकानात नवा असताना एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं होतं, "पाव्हणं, मंडळी कुठं असती तुमची?"

मी सरळ सांगितलं, "तालुक्याला. चाळीसेक जण आहेत."

आमच्यात मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारी माणसं. इथे मंडळी म्हणजे बायको. गिऱ्हाईक मालकाला म्हणालं, "चाळीस बायका संभाळून सकाळी टायमावर कामाला येतोय. गडी सोडू नका ह्यो." पुढे वर्षभर लोक मला त्यावरून चिडवत होते. मीही हसायचो.

यंदा तसाच एक शब्द चुकीच्या कानात गेला. या वेळी कुणी हसलं नाही.

तो शब्द म्हणजे साक्ष. आमच्यात साक्ष देणे म्हणजे उपासनेत उभं राहून, देवाने आपल्याला कशातून सोडवलं ते चारचौघांना सांगणे. संकटातून वाचल्याला वर्ष झालं की साक्ष द्यायची अशी आमच्या मंडळीची रीत आहे. माझं वर्ष भरत आलं होतं.

मागच्या वर्षी मी आमच्या घरमालकांच्या विहिरीवर मोटारीचा स्टार्टर बघायला गेलो होतो. घरमालकांना मी नाना म्हणतो. लाइट गेलेली होती, म्हणून फ्यूज न काढताच मी पेटीत हात घातला. त्या आठवड्यापासून शेतीच्या लाइटची वेळ बदललेली होती, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. बावीस वर्षं वायरीत हात घालणाऱ्या माणसाची ही चूक. लाइट आली आणि हात पेटीला धरून बसला. नानांचा मुलगा बांधावर होता. त्याने कोरड्या बाभळीच्या दांडक्याने माझा हात उडवला, मला मोटारसायकलवर टाकलं, टॉवेलने स्वतःच्या पाठीला बांधलं आणि नेवाशाच्या दवाखान्यात नेलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. बाकी मी आहे.

हा मुलगा तेवीस वर्षांचा. बी.ए. झालेला, तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतो आहे. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळतो.

आता यंदाच्या साक्षीच्या महिनाभर आधीची गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेजारच्या गावात शेतातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दहा-बारा जण प्रार्थनेला जमलो होतो. त्या घरातल्या आजीला अर्धांगवायू झाला होता. आमचे पाळक, म्हणजे आमच्या मंडळीचे पाद्री, तिच्या कपाळाला तेल लावत होते. बाहेर मोटारसायकली थांबल्या आणि आठ-दहा पोरं आत आली.

"काय वाटप चाललंय? एका माणसामागं किती देता?" एकाने विचारलं.

"आजारी बाईसाठी प्रार्थना करतोय," पाळक म्हणाले.

"मग दवाखाना काय बैलं बांधायला काढलाय का गावात?"

दोघे-तिघे हसले. गीतांची पुस्तकं उकिरड्यात गेली. कुणीतरी पाळकांना ढकललं, ते हातावर पडले आणि मनगट मोडलं. या सगळ्यात एक जण दारात मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत उभा होता. मोबाईल एकेका चेहऱ्यावरून फिरत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मोबाईलच्या वरून नानांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि वळून बाहेर गेला.

तक्रार दोन्हीकडून झाली. आमच्या बाजूने मारहाणीची, त्यांच्या बाजूने आमिष दाखवून धर्म बदलतात अशी. आमच्या तक्रारीत पोरांच्या नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलं होतं. त्या शेडमध्ये त्यांतल्या एकाला ओळखणारा मी एकटाच होतो. मी बायकोला सांगितलं, आणि कुणालाच नाही. पाळकांनाही नाही.

त्या दिवसांत मोबाईलवर रोज काहीतरी येत होतं. कायदा होणार म्हणून, अमक्या गावाने ठराव केला म्हणून, कुठे पुन्हा उपासना बंद पाडली म्हणून. दुकानात गिऱ्हाइकं माझ्यासमोर बोलता बोलता गप्प व्हायची, किंवा मुद्दाम जरा मोठ्याने बोलायची. शत्रूंसाठी प्रार्थना करा असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मी डोळे मिटून बसायचो आणि शत्रू म्हणून चेहरा शोधायचो. डोळ्यांपुढे यायची ती टॉवेलने मला बांधून घेतलेली एक पाठ.

माझी भीती मात्र साधी होती. खोली जाऊ नये. मुलगी दहावीला होती, पेपर पंधरा दिवसांवर आले होते. आमच्या घराण्यात दहावीच्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच. त्या हवेत आमच्या नावाला दुसरी खोली कोण देणार होतं?

अशात पाळकांचा फोन आला. मी खोलीबाहेर, नानांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा होतो. मी म्हणालो, "हो, या रविवारी साक्ष माझीच. जसं घडलं तसं सगळं सांगणार. नानांच्या मुलाचं नावही घेणार. त्यात लपवायचं काय?"

खिडकीत काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूचा नळ सुटला नाही. बायको विचारायला गेली तर काकू म्हणाल्या, "पानी कमी हाय." त्यांच्या अंगणातला हौद मात्र वाहत होता. रोज माझ्या मुलीला वाटीभर काहीतरी देणाऱ्या त्या बाईने तिला बघून दार लोटून घेतलं. मुलीने मला विचारलं, "पप्पा, मी काही बोलले का त्यांना?" तिसऱ्या दिवशी नाना रस्त्यात समोरून आले आणि मोबाईलमध्ये बघत निघून गेले. नानांना मोबाईलमध्ये बघायला चष्मा लागतो. चष्मा खिशात होता.

मला वाटलं, शेडमध्ये मी होतो हे त्यांना कळलं, आता खोली सोडा म्हणतील. घास गिळताना ते वाक्य कानात ऐकू यायचं. बायको म्हणाली, आपणच जाऊन बोला. मी म्हणालो, बोलायला गेलो तर ते बोलूनच टाकतील. अशी चार दिवस मी माझी भ्याड हुशारी चालवली.

शनिवारी दुपारी नानांनी हाक मारली. ते ओट्यावर बसले होते. काकू दारात उभ्या होत्या. मुलाचे पळायचे बूट उंबऱ्याशी होते, म्हणजे तोही आत असणार.

"बसा पाव्हणं," नाना म्हणाले. "उद्या साक्ष हाय म्हनं तुमची."

"हो."

"चौकीत का कोर्टात?"

"चर्चमध्ये."

नानांनी काकूंकडे पाहिलं. "चर्चमदी कुठं साक्षी घेत्यात?"

"दर रविवारी घेतात."

"दर रविवारी? येवढ्या केशी हायत तुमच्या लोकांच्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साक्ष म्हणजे काय, वर्षाची रीत काय, ते मी त्यांना सांगू लागलो.

काकू मधेच म्हणाल्या, "मग आमच्या पोराचं नाव कशापायी? म्या ह्या कानांनी ऐकलंय."

"त्याने मला वाचवलं म्हणून, काकू. विहिरीवर. वर्ष झालं त्याला."

काकू उंबऱ्यावर बसल्याच. "बया, चार दिस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई."

"आमच्या खोलीत पाणी उतरलं नाही," मी म्हणालो. नाना हसले. काकूंनीही पदर तोंडाला लावला. तेवढ्यावर मी उठलो असतो तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

पण नाना हसायचे थांबले. "पाव्हणं, त्या दिवशी त्या शेडात तुमी हुता का?"

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही शास्त्रातली आज्ञा मला पाठ आहे. खरीच साक्ष शेजाऱ्यावर पडत असेल तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"होतो," मी म्हणालो.

"ह्यो हुता?"

"होता. मोबाईल धरून उभा होता. पाळकांना त्याने ढकललं नाही. मला बघून तो बाहेर गेला."

"चौकीत म्हाईत हाय?"

"माझ्याकडून नाही."

"आन् त्यांनी इचारलं तर?"

आत काहीतरी हललं, बहुतेक मुलगा दाराजवळ आला असावा. मग मी म्हणालो, "मी आपणहून जाणार नाही. पण विचारलं तर खोटं सांगता येणार नाही, नाना."

"येतं की," काकू म्हणाल्या. "समद्यांना येतं. तीन वर्सं झाली, लेकरू उन्हातान्हात पळतंय. एक केस लागली की भरती गेली. तुमचं बी लेकरू दहावीला हाय."

ते शेवटचं वाक्य त्यांनी विनवणी म्हणून म्हटलं की दुसरं काही म्हणून, ते मी रात्रभर दोन्ही बाजूंनी लावून पाहिलं.

रविवारी मी उभा राहिलो. विहीर, पेटी, दांडकं, टॉवेल, सगळं सांगितलं. मुलाचं नाव घेतलं. लोकांनी देवाचे आभार मानले. उपासना संपल्यावर प्लास्टरमधला हात सांभाळत पाळक माझ्याजवळ आले. "अशी मुलं आहेत म्हणून आपण इथे राहू शकतो," ते म्हणाले. "मला त्याला एकदा भेटायचंय."

"तुम्ही भेटलाय त्याला," मी म्हणालो.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते बाकावर बसले. बराच वेळ ते प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "चौकीत जा म्हणणार नाही, जाऊ नका म्हणणार नाही. मात्र त्याच्यासाठी मी आजपासून नाव घेऊन प्रार्थना करीन." मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही.

मला स्वतःहून जावंच लागलं नाही. त्या आठवड्यात शेडमधल्या सगळ्यांना एकेक करून चौकीत बोलावलं. हवालदारांनी विचारलं, "कुणाला ओळखता?" मी प्रार्थना केली असं सांगायला आवडेल, पण त्या क्षणी मला फक्त मुलीचं हॉल तिकीट आठवत होतं.

"एकाला," मी म्हणालो, आणि सांगितलं. काय केलं ते सांगितलं, काय केलं नाही तेही सांगितलं. पुढे म्हणालो, "याच मुलाने मागच्या वर्षी माझा जीव वाचवला."

"त्याचा इथे काय संबंध?" हवालदार म्हणाले. "ते लिहायची गरज नाही."

"साहेब, माझी साक्ष घेताय तर पुरी घ्या. अर्धीवर मी सही करणार नाही."

चौकीत मी असं बोलीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि शेवटी एक ओळ लिहिली. मी ती वाचून, मिटत नसलेल्या बोटांत पेन धरून सही केली.

घरी आलो तेव्हा नाना अंगणातच होते. माझ्या आधी बातमी पोचली असणार. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. ती शेवटची ओळसुद्धा. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. तो वडिलांना म्हणाला, "आप्पा, काका खोटं न्हाई बोलले." नाना त्याच्यावर ओरडले, "तू आत हो." तो गेला नाही.

"पोरीचे पेपर कधी सपत्यात?" नानांनी मला विचारलं.

"तीन आठवड्यांनी."

"तवर हाय तिथंच ऱ्हावा. म्होरचं तवा बोलू."

मी हात जोडले. आभार मानावेत की घाबरावं ते समजेना, म्हणून दोन्ही केलं. ती सवय मला या मुलखात आल्यापासून आहे. आमच्याशी वाईट वागायला नानांना त्या दिवशी भरपूर कारण होतं, आणि त्यांनी तीन आठवडे दिले. पोटच्या पोरासाठी झुरणाऱ्या माणसाने दिलेले तीन आठवडे लहान नसतात.

खोलीत मुलगी भूगोलाचा नकाशा भरत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "पप्पा, नाना काय म्हणाले?"

"मन लावून अभ्यास कर म्हणाले," मी सांगितलं.

त्या आठवड्यात मी बोललेलं तेवढं एकच खोटं.